चालीच्या लॅबला रोजचा माणूस द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात एका रुग्णालयात ‘गेट लॅब’, म्हणजे माणसाची चाल मोजून तपासणारी प्रयोगशाळा, सुरू होत असल्याची बातमी फोटोसह आली आहे. भिंतीवर ओळीने लावलेले कॅमेरे, नवी कोरी फरशी, दारात फीत. बातमी मी दोनदा वाचली. आनंद झालाच, कारण आता त्या भागातल्या मुलांना चालण्याच्या तपासणीसाठी रात्रभर प्रवास करावा लागणार नाही. पण कॅमेरे किती, खर्च किती, उद्घाटन कोणाच्या हस्ते हे सगळं बातमीत असताना ती यंत्रं रोज कोण हाताळणार याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी फिजिओथेरपिस्ट. अशाच एका लॅबमध्ये सोळा वर्षं काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथे जे झालं ते उद्या कुठेही होऊ शकतं. येणारे आईबाप तिला ‘चालीची लॅब’ म्हणायचे. मलाही तेच नाव जवळचं वाटतं, म्हणून इथेही तेच वापरते.

सकाळी साडेआठला मी कुलूप काढायचे. पहिलं काम कॅमेरे चालू करून ठेवायचे, कारण तापताना त्यांच्यात बारीकसा फरक पडत राहतो. अर्धा-पाऊण तास ते स्थिरावू द्यावे लागतात. तोवर घट्ट पिळलेल्या फडक्याने फरशीत बसवलेल्या, पावलाचा रेटा मोजणाऱ्या फोर्स प्लेट पुसायच्या, खिडक्यांचे काळे पडदे ओढायचे. मग कांडी फिरवायची. कांडी म्हणजे टी अक्षराच्या आकाराची एक दांडी, तिच्यावर मोजून-मापून बसवलेल्या चमकत्या गोळ्या. ती हातात घेऊन खोलीभर, गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत चालायचं. प्रत्येक कॅमेरा ती कांडी आपापल्या कोपऱ्यातून पाहतो आणि त्यावरून सगळे कॅमेरे एकमेकांपासून किती अंतरावर आणि कुठल्या कोनात आहेत हे संगणकाला कळतं. हे रोज करायचं. सुट्टीनंतर तर करायचंच करायचं.

रोज कशाला, असं एका साहेबांनी मला विचारलं होतं. त्याच महिन्यात ट्यूबलाइट बदलायला आलेल्या इलेक्ट्रिशियनची शिडी चार नंबरच्या कॅमेऱ्याला लागली. कॅमेरा पडला नाही, फुटला नाही, खालून पाहिलं तर जागचा हललाय असंही दिसेना. दुसऱ्या दिवशी कांडी फिरवली तेव्हा त्या एकाच कॅमेऱ्याची चूक बाकीच्यांच्या कितीतरी पट आली. कांडी फिरवली नसती तर त्या दिवशी आलेल्या तीन मुलांचे गुडघे आम्ही चुकीच्या अंशात वाकवून कागदावर छापले असते, आणि त्या कागदावर सर्जनने भरवसा ठेवला असता.

हे कॅमेरे लग्नातल्या शूटिंगसारखे नसतात. भिंगाभोवती इन्फ्रारेड दिव्यांचं कडं असतं. रुग्णाच्या अंगावर साधारण १४ मिलिमीटरच्या गोळ्या चिकटवतात: कमरेच्या पुढच्या दोन्ही हाडांवर, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यावर, टाचेवर, पायाच्या बोटांच्या मागे. रात्री हायवेवर काम करणाऱ्या मजुरांच्या जॅकेटवर जो पट्टा चमकतो, तसल्याच टेपने त्या मढवलेल्या असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश आला तसाच मागे फिरतो. त्यामुळे कॅमेऱ्याला मूल दिसतच नाही, अंधारात चालत जाणारे ठिपके दिसतात. एक ठिपका निदान दोन कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसला की त्याची खोलीतली नेमकी जागा निघते, तीही सेकंदाला शंभर वेळा.

आता आपल्याकडची मुलगी पैंजण घालून येते. फ्रॉकला टिकल्या असतात. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची स्टीलची पट्टी घासून घासून आरशासारखी झालेली असते. यातलं प्रत्येक कॅमेऱ्याला गोळीसारखंच दिसतं. पैंजण काढू नका म्हणून आजी हटून बसली की मी त्यावर पांढरी कापडी पट्टी गुंडाळायचे आणि आजीला शब्द द्यायचे की पट्टी माझ्या हातानेच सोडेन. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. गोळी नेमकी कुठे लावायची हेही पुस्तक वाचून येत नाही. बोटाने हाड चाचपून येतं. गुडघ्यावरची गोळी बोटभर पुढे-मागे झाली तरी मांडी आत वळलेली की बाहेर, याचं उत्तर बदलतं. चालीच्या लॅबमधल्या चुकांचा मोठा वाटा यंत्राचा नसतो, गोळी लावणाऱ्या हाताचा असतो. म्हणून तो हात शिकलेला हवा, आणि शक्यतो दरवेळी तोच हवा.

एका मुलीबद्दल सांगते. नऊ वर्षांची होती. जन्मत: कमी दिवसांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारा दोष), दोन्ही पाय ताठर. वडील ऊसतोडीला जाणारे. ती चवड्यांवर चालायची, टाच कधी टेकायचीच नाही. आधी दाखवलं होतं तिथे टाचेमागची नस लांबवायची शस्त्रक्रिया सांगितली होती. लोक तिला नस म्हणतात, असते ती पोटरीच्या स्नायूची दोरी. नुसत्या डोळ्याने पाहिलं तर कोणालाही तेच वाटलं असतं. मूल चवड्यावर चालतंय म्हणजे टाच वर ओढली गेली आहे, सरळ हिशेब.

गोळ्या लावून तिला दहा-बारा वेळा चालवलं. थकली की बसवायचं, बिस्किट द्यायचं, परत चालवायचं. “मावशी, अजून किती?” असं दर फेरीला विचारायची. संध्याकाळी आलेख काढले तेव्हा घोट्याची रेघ जवळजवळ निरोगी मुलांसारखी होती. पाऊल नडगीशी काटकोनातच होतं. गुडघा मात्र पाऊल टेकताना चाळीस अंशांत वाकलेला. निरोगी चालीत तो त्या क्षणी जवळपास सरळ असतो. म्हणजे टाच वर दिसत होती ती गुडघा वाकलेला म्हणून. नडगी पुढे कलली की काटकोनातल्या पावलाचीही टाच उचलली जाणारच. दोष घोट्यात नव्हता.

फोर्स प्लेटने पुढचं सांगितलं. आपण जमिनीला रेटतो तेवढंच जमीन आपल्याला उलट रेटते. या उलट्या रेट्याची दिशा प्लेट मोजते आणि संगणक ती रुग्णाच्या चित्रावर एका बाणाने दाखवतो. निरोगी माणूस एका पायावर उभा असतो तेव्हा हा बाण गुडघ्याच्या किंचित पुढून जातो, त्यामुळे गुडघा आपोआप सरळ राहतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला उसंत मिळते. नडगीला पुढे कोसळू न देण्याचं काम तेवढा वेळ पोटरी करते. त्या मुलीचा बाण पूर्ण वेळ गुडघ्याच्या मागून जात होता. प्रत्येक पावलाला तिची मांडी तिचं सगळं वजन तोलत होती, उसंत अशी नाहीच. मांडीवर लावलेल्या ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज नोंदवणाऱ्या, पट्टीतही तेच उमटलं होतं. अशा मुलीची पोटरी सैल केली असती तर नडगी धरून ठेवणारा उरलासुरला आधार गेला असता आणि गुडघे आणखी दुमडले असते. एकदा जास्त लांबवलेली दोरी पुन्हा पूर्वीसारखी करता येत नाही.

आमच्या सर्जननी आलेख समोर ठेवून आख्खा बेत बदलला. पोटरीला हात लावला नाही, काम गुडघ्यामागच्या स्नायूंवर केलं. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा शाळेच्या पायऱ्या कठड्याला धरून चढते असं वडील सांगत होते. तिच्या पैंजणावरची पट्टी मीच सोडली होती, हे तिच्या लक्षात होतं.

त्या दिवशी प्लेट चुकीचं बोलली असती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही. कारण पुढे एकदा ती चुकीचं बोललीच.

प्लेट म्हणजे फरशीत बसवलेला, जेवणाच्या दोन ताटांएवढा धातूचा जाड पाट. चार कोपऱ्यांखाली चार संवेदक. काहींत क्वार्ट्झचे स्फटिक, काहींत ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या. पाट आणि भोवतालची फरशी यांच्यात चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावीच लागते. पाट कुठेही टेकता कामा नये. टेकला तर रुग्णाचं थोडं वजन संवेदकांऐवजी शेजारच्या फरशीत उतरतं, आणि तेवढं मापातून गळतं.

मी आठवडाभर रजेवर होते. इमारतीची डागडुजी निघाली, तेव्हा फरशीवाल्याने बाकीच्या खोल्यांसोबत आमच्याही खोलीतल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवून टाकल्या. अगदी मनापासून, सफाईदार काम केलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ही फट म्हणजे यंत्राचा भाग आहे. परत आल्यावर मी नेहमीप्रमाणे वजनं ठेवून पाहिली. किराणा दुकानदाराकडून शिक्का मारलेली वीस किलोची दोन वजनं मी स्वतःच्या पैशांनी घेऊन ठेवली होती. चाळीस किलोंचे पडद्यावर एकतीस दिसले. प्लेटच्या कडेला एकतीस, मध्यभागी पस्तीस. दोन दिवस बसून लोखंडी पट्टीने आणि जुन्या टूथब्रशने मी आणि आमच्या शिपाई मामांनी ते सिमेंट खरवडून काढलं. त्यानंतर दर सोमवारी प्लेटच्या चारही बाजूंनी एक पोस्टकार्ड फिरवून पाहायचा नेम ठेवला. पोस्टकार्ड कुठे अडलं की तिथे खडा, केस, वाळलेला साबण काहीतरी सापडायचंच.

ईएमजीचंही तसंच. स्नायू कामाला लागतो तेव्हा त्वचेवर उमटणारी वीज फार तर काही मिलिव्होल्टची, कधी मायक्रोव्होल्टमधली. ती पकडायला चांदीचे इलेक्ट्रोड चिकटवतात, त्याआधी त्वचा स्पिरिटने घासून घ्यावी लागते. एका उन्हाळ्यात सगळ्या नोंदींवर सारखी गुणगुण यायला लागली, सेकंदाला पन्नास वेळा, म्हणजे भिंतीतल्या विजेचीच. कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायचं तर पत्रव्यवहारात महिना जाणार. आमच्या वायरमनने विचारलं, “मॅडम, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंय?” इमारतीमागे जाऊन पाहिलं तर खड्डा कोरडा ठणठणीत. मीठ-कोळसा नव्याने भरला, चार बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी रेघ स्वच्छ. तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला पाणी घालायचं काम आमच्या वहीत चढलं. कित्येक लाखांचं यंत्र चार बादल्या पाण्यावाचून निकामी ठरलं असतं.

यंत्रांपेक्षा त्यांच्यामागे राबणारी माणसं या विद्येत पहिल्यापासून मोठी आहेत. १८९१ साली जर्मनीत लाइपझिगला ब्राउन आणि फिशर या दोघांनी एका सैनिकाच्या अंगावर विजेने चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून रात्रीच्या अंधारात त्याच्या चालण्याचे फोटो काढले. आमच्या गोळ्यांची ती पणजी म्हणायची. तो पोशाख चढवायलाच कित्येक तास लागायचे, प्रत्यक्ष चालणं काही पावलांचं. पुढच्याच वर्षी ब्राउन वारले. मोजमापांचा सगळा हिशेब फिशरनी हाताने पुरा केला, तो १९०४ पर्यंत चालला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाय गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत बर्कलीला इनमन आणि एबरहार्ट यांनी चालीचा कसून अभ्यास केला. त्यातले एबरहार्ट स्थापत्यशास्त्राचे प्राध्यापक, आणि अपघातात त्यांचा स्वतःचाच पाय कापावा लागला होता. आपल्या पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्रही त्याच काळातलं, १९४४ सालचं. ज्यांना ही कामं जमली ते त्याच कामाला वर्षानुवर्षं चिकटून होते.

आमच्या लॅबचं मात्र तसं झालं नाही. यंत्रं घेताना पदच मंजूर झालं नव्हतं. माझी नेमणूक बाह्यरुग्ण विभागात, लॅबचं काम ‘अतिरिक्त’. निवृत्तीच्या दीड वर्ष आधीपासून मी लिहून देत होते की माझ्या हाताखाली कोणीतरी द्या, मी शिकवते. दोन मुली आल्या, दोघी कंत्राटी. अकरा महिन्यांनी एकीचं कंत्राट संपलं, दुसरीला वॉर्डात घेतलं. वॉरंटी संपल्यावर देखभालीच्या कराराची फाइल तीन टेबलं फिरून ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत आली. दुहेरी चिकटपट्टी आणि इलेक्ट्रोड कुठल्या खर्चात बसवायचे हे शेवटपर्यंत ठरलं नाही. माझ्या निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी कागदपत्रांसाठी तिथे जाणं झालं. खोलीला कुलूप होतं. किल्ली मिळेपर्यंत अर्धा तास गेला. कॅमेऱ्यांवर वॉर्डातल्या जुन्या चादरी टाकलेल्या. प्लेटवर लोखंडी कपाट. त्या कपाटाखाली फट बुजली आहे का हे पाहायला मी वाकले, आणि मला तिथेच खाली बसावं लागलं.

सॉफ्टवेअर ज्या छोट्या यूएसबीच्या चावीशिवाय उघडत नाही ती चावीही कोणाला सापडेना. चारशेच्या वर मुलांच्या चालीच्या नोंदी त्या संगणकात आहेत. त्याशिवाय दीडशेहून अधिक निरोगी मुलांच्या, ज्या मी कर्मचाऱ्यांची आणि शेजारच्या शाळेतली मुलं सुट्टीत आणून गोळा केल्या होत्या. परदेशी मुलांचे आलेख कंपनीसोबत आयते येतात. पण आपली मुलं अनवाणी चालतात, मांडी घालून बसतात, त्यांच्या चालीशी ताडून पाहायला आपल्याच मुलांची मापं हवीत असं मला वाटायचं, आजही वाटतं.

कोणी म्हणेल, आता मोबाइलने होतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोन आयफोनच्या व्हिडिओवरून, एकही गोळी न चिकटवता, सांध्यांचे कोन काढणारी पद्धत केली आहे आणि ती संशोधनासाठी मोफत दिली आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. तालुक्याच्या ठिकाणी ती जरूर वापरावी. साधा बाजूने आणि समोरून घेतलेला व्हिडिओ नीट पाहून गुण देण्याची एडिंबराची पद्धतही आहे, तिला तर काहीच खर्च नाही. पण मोबाइल जमिनीचा रेटा मोजत नाही, तो अंदाजाने काढतो. त्या मुलीच्या गुडघ्यामागून गेलेला बाण प्रत्यक्ष मोजायला फरशीत प्लेटच लागते. आणि मोबाइल धरणारा माणूससुद्धा शिकलेलाच लागतो.

म्हणून नव्या लॅबच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. फीत कापण्याआधी या कामासाठी एक कायम पद मागून घ्या, आणि त्या माणसाच्या हाताखाली शिकणारा दुसरा माणूस ठेवा. पाच वर्षांचा देखभाल करार खरेदीच्याच निविदेत घाला, नंतर तो होत नाही. चिकटपट्टी, इलेक्ट्रोड, बॅटऱ्या यांचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. फरशीवाला, रंगारी, इलेक्ट्रिशियन आत येण्यापूर्वी लॅबच्या माणसाला विचारावं असा कागद दारावर लावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आणि आपल्या वार्ताहरांनी वर्षभराने पुन्हा तिथे जावं. कॅमेरे चालू आहेत का एवढंच विचारू नये; आज सकाळी कांडी कोणी फिरवली, असं विचारावं आणि नोंदवही पाहायला मागावी.

मी त्रेसष्ट वर्षांची आहे, तब्येत ठणठणीत आहे. त्या रुग्णालयाने ज्यांना नेमलं असेल त्यांना शिकवायला महिनाभर येऊन राहायची माझी तयारी आहे. मानधन नको, राहायची सोय मी बघेन. हाड कसं चाचपायचं, लहान मुलाची दोन्ही पावलं एकाच प्लेटवर पडतात तेव्हा काय करायचं, वॉकरचा पाय प्लेटवर येऊ नये म्हणून कुठून चालायला सुरुवात करायची, प्लेट कुठे आहे हे मुलाला का सांगायचं नाही (सांगितलं की ते पाऊल मोजून टाकतं आणि चाल बदलते), हे सगळं मी एका दोनशेपानी वहीत लिहून काढलं आहे. वजनंही माझ्याकडेच आहेत, ती घेऊन येईन.

माझं नाव कृपया छापू नये, म्हणजे जुनी संस्था ओळखू येणार नाही. पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयासाठी सोबत जोडला आहे. त्या रुग्णालयातून कोणी विचारला तर जरूर द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सातारा